निर्वृक्ष बेटाचा संसार

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज द्वीपमालाही मागे टाकून अटलांटिक महासागरात सुमारे चाळीस मैल गेले असता सेंट किल्डा नावाचा जो लहानसा द्वीपसमूह लागतो, त्यातील हिर्टा या एकाच बेटावर शतकानुशतके मनुष्यवस्ती नांदत होती. आणि त्या बेटाचे क्षेत्रफळ सात चौरस किलोमीटरही भरत नसून त्यावर वृक्ष म्हणून एकही नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज तेथील माणसांच्या हस्तकौशल्याचे खरे मोल कळावयाचे नाही. घराच्या भिंतींसाठी दगड हवा तितका होता. परंतु तुळई, दार, खाट किंवा पेटी करावयाची झाल्यास एक तर बाहेरून लाकूड येण्याची वाट पाहावी, नाही तर समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या ओंडक्यांवर आणि फुटलेल्या गलबतांच्या फळ्यांवर भिस्त ठेवावी, असा प्रकार होता. लोखंडाचीही तीच टंचाई असल्यामुळे येथील कुलपे आणि किल्ल्यासुद्धा लाकडाच्याच घडविलेल्या असत. चोरीचा माल घेऊन जावयास दुसरे गावच नाही अशा ठिकाणी कुलपाची निकड कोणास भासली असावी, हे कोडे आपण तूर्त बाजूस ठेवू.

या लोकांचे खरे वाण्याचे दुकान म्हणजे समुद्रकड्यांवर घरटी करणारे फुलमार, गॅनेट आणि पफिन हे पक्षी. दोरास लोंबकळत शेकडो फूट उंचीच्या कड्यावरून हे पक्षी धरून आणावयाचे आणि मग त्यांचा कोणताही अवयव वाया जाऊ द्यावयाचा नाही, असा तेथील दंडक होता. मांस खाण्यास, पिसे साऱ्यासाठी, फुलमारच्या जठरातील तेल दिव्यास आणि औषधास, ते तेल साठविण्यास गॅनेटचे वाळविलेले जठर. आणि त्याच गॅनेटच्या मानेचे कातडे, डोक्याचा भाग टाचेच्या ठिकाणी येईल अशा बेताने शिवले की पायताण तयार! हे पायताण मोजके काही दिवसच टिके. पण पक्ष्यांचा तुटवडा नसल्यामुळे त्याची कोणास खंत नसे. बेटाचा मालक डनवेगनचा मॅक्लाउड. त्याचा कारभारी उन्हाळ्यात येऊन सारा वसूल करी, तो दीर्घकाळ रोख रकमेत नसून पिसे, तेल आणि हिवाळ्यात घरच्या मागावर विणलेले लोकरी कापड अशा जिनसांतच असे.

हे सारे जिन्नस साठवावयाचे कोठे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर मला सर्वांत बुद्धिमान वाटते. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून आणि वर गवताळ ढेपांचे छप्पर घालून त्यांनी ‘क्लीट’ नावाची लहान कोठारे उभारली, ज्यांच्या फटींतून वारा अखंड खेळत राही, पाऊस मात्र आत येत नसे. त्यामुळे मांस, धान्य, दोर, जळणाच्या ढेपा असे सर्व काही त्यांत सुकून टिके. एकट्या हिर्टावर अशी बाराशेहून अधिक कोठारे आजही मोजता येतात. याउलट, १८६० नंतरच्या काही वर्षांत मालकाने कळकळीने जी नवी घरे बांधून दिली, त्यांची बाहेरून आणलेली जस्ती पत्र्यांची छपरे वादळाने उडवून नेली.

तथापि या बेटाची कीर्ती ज्या वस्तूमुळे दूरवर गेली ती वस्तू म्हणजे तेथील टपालाची नाव. १८७७ च्या जानेवारीत एक ऑस्ट्रियन जहाज फुटून नऊ खलाशी हिर्टावर आश्रयास आले, तेव्हा जॉन सँड्स नावाचा एक स्कॉटिश पत्रकारही तेथेच अडकून पडला होता आणि बेटावरील शिधा सर्वांना पुरण्याजोगा नव्हता. त्यांनी बाटलीत चिठ्ठी घालून ती फुटक्या जहाजाच्या जीवरक्षक कड्यास बांधली आणि ३० जानेवारीस समुद्रात सोडली; ती नऊ दिवसांनी ऑर्कनी बेटांतील बर्से येथे सापडली, आणि २२ फेब्रुवारीस ‘जॅकल’ ही सरकारी युद्धनौका सुटकेस येऊन दाखल झाली. पुढे बेटवासीयांनी हीच युक्ती आपल्या घरच्या साहित्याने सिद्ध केली. लाकडाचा तुकडा नावेच्या आकाराचा तासावा, मध्यभाग कोरून त्यात पत्र आणि तिकिटापुरता पेनी असलेला डबा किंवा बाटली ठेवावी, वर झाकण ठोकून ‘कृपया उघडावे’ अशी अक्षरे काढावीत, तरंगण्यासाठी मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधावा आणि वायव्येचा वारा सुटला की नाव लोटून द्यावी. अशा कित्येक नावा स्कॉटलंडच्या किनाऱ्यास लागल्या, काही थेट नॉर्वेपर्यंत गेल्या, आणि ज्याच्या हाती त्या पडल्या त्याने पत्र टपालात टाकण्याचे सौजन्यही बहुधा दाखविले.

त्याच सुमारास हौशी प्रवाशांना घेऊन आगबोटी उन्हाळ्यात येऊ लागल्या. कापड, मोजे, पक्ष्यांची अंडी यांस रोख दाम मिळू लागले, त्याबरोबर बाहेरचा मालही घरोघर आला, आणि जे कौशल्य गरजेपोटी वाढले होते त्याचे पाहुण्यांना दाखविण्याच्या कौतुकात रूपांतर झाले. पुष्कळ लेखक येथेच बेटाच्या ऱ्हासाचे मूळ शोधतात; परंतु त्यांचे म्हणणे मला अपुरे वाटते. साधनांवाचून ही वस्ती कधीच अडली नव्हती. ती अडली माणसांवाचून. पहिल्या महायुद्धानंतर तरुण मंडळी मुख्य भूमीकडे जाऊ लागली. १९२० साली तेथे त्र्याहत्तर माणसे होती, ती १९२८ पर्यंत सदतीसवर आली. आणि नाव वल्हविण्यास, कड्यावरचा दोर धरण्यास जितके धडधाकट हात लागत तितकेही जेव्हा उरले नाहीत, तेव्हा गॅनेटच्या मानेचे पायताण करणारी कल्पकताही निरुपाय झाली. १९३० च्या मे महिन्यात बेटवासीयांनीच सरकारकडे स्थलांतराचा अर्ज केला. त्याप्रमाणे २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या छत्तीस जणांना ‘हेअरबेल’ या नौकेने मुख्य भूमीवर आणण्यात आले, आणि ज्यांनी आपल्या बेटावर कधी झाड पाहिले नव्हते, त्यांतील कित्येकांची नेमणूक सरकारने वनखात्यात केली.