कागदावरची बाहुली: रेषा कुणाची, रंग कुणाचे?

शाळांना दिवाळीची सुट्टी लागली, की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक वेगळंच गिऱ्हाईक दिसू लागतं. आईचा मोबाइल पुढे धरलेला असतो आणि त्यावर एका बाहुलीचं नुसतं रेषांचं चित्र: लांब मान, त्याहून लांब पाय, टपोरे डोळे, जमिनीवर लोळणारा घेरदार झगा. ‘काका, याच्या पाच प्रिंट.’ बार्बी, ब्रॅट्झ, रेनबो हाय अशी बाहुल्यांची नावं बदलतात, चित्राची तऱ्हा बदलत नाही. पान फुकट, खडू घरातच आणि पोर तासभर एका जागी. एवढ्या स्वस्तात इतकी शांतता दुसऱ्या कशानं मिळत नाही, हे कुठलीही आई सांगेल.

पण या साध्या पानाचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याची सुरुवात चक्क फॅशनच्या विरोधात झाली. 1810 साली लंडनच्या रॅथबोन प्लेसमध्ये एस. अँड जे. फुलर यांचं ‘टेम्पल ऑफ फॅन्सी’ नावाचं दुकान होतं. त्यांनी ‘द हिस्टरी ऑफ लिटल फॅनी’ नावाची छोटी पुस्तिका काढली. सोबत हातानं रंगवलेले कागदी पोशाख आणि एक सुटं मुंडकं. गोष्ट पुढे सरकेल तसं ते मुंडकं एका पोशाखातून काढून दुसऱ्यात खोचायचं. गोष्टीतली फॅनी कपड्यांच्या नादी लागलेली, आईचं न ऐकणारी मुलगी. तिच्यावर भीक मागायची वेळ येते, पडेल ते काम करावं लागतं आणि शेवटी शहाणी होऊन ती घरी परतते. नटू नका, असं बजावणारी ही पुस्तिका मुलींना नटवण्याचा खेळ देऊन विकली गेली. पालकांसाठी उपदेश, पोरींसाठी पोशाख. ही युक्ती खेळण्यांच्या धंद्यानं पुढे कधीच सोडली नाही.

रंगवायची पुस्तकं त्यानंतरची. न्यूयॉर्कचे मॅक्लॉक्लिन ब्रदर्स हे कागदी बाहुल्यांचे मोठे प्रकाशक. केट ग्रीनअवे या इंग्रज चित्रकर्तीची चित्रं असलेलं ‘लिटल फोक्स पेंटिंग बुक’ त्यांनी 1880 च्या सुमारास अमेरिकेत आणलं. सुरुवातीच्या रंगवह्यांमध्ये ते मोजलं जातं. तेव्हा रंग म्हणजे पाण्याचे रंग, ब्रश, वाटी आणि सांडासांड. मोठ्यांच्या देखरेखीशिवाय हे जमणारं नव्हतं. 1903 मध्ये बिनी अँड स्मिथ कंपनीनं क्रेयोला नावाची आठ मेणखडूंची पेटी पाच सेंटला विकायला काढली आणि रंगकाम लहानग्यांच्या मुठीत आलं. आपल्याकडे मुंबईत 1931 साली शाईपासून सुरुवात करणाऱ्या दांडेकर बंधूंच्या कॅम्लिननं साठच्या दशकात रंगांत उडी घेतली. मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांचे हात त्या ‘कॅमल’च्या खडूंनी माखले आहेत.

आता बार्बीकडे. तिची जन्मकथा अनेकदा सांगितली जाते, पण त्यातला कागदाचा भाग निसटतो. रूथ हँडलर यांची मुलगी बार्बरा मैत्रिणींबरोबर कागदी बाहुल्यांशी खेळायची. त्या बाहुल्या तान्ह्या बाळांच्या नव्हत्या, मोठ्या बायकांच्या होत्या. मुली त्यांना कपडे चढवत, त्यांच्या तोंडी मोठ्यांचे संवाद घालत. दुकानात मात्र बाहुली म्हणजे पाळण्यातलं बाळ आणि मुलगी म्हणजे त्याची आई, एवढाच खेळ मिळत होता. हा फरक रूथबाईंनी हेरला. पुढे 1956 साली स्वित्झर्लंडच्या सहलीत त्यांना ‘लिली’ ही जर्मन बाहुली दिसली. ती तर एका वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातून उतरलेली. 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-मेळ्यात रूथबाईंच्या मॅटेल कंपनीनं साडेअकरा इंची बार्बी मांडली. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, किंमत तीन डॉलर. पहिल्याच वर्षी सुमारे साडेतीन लाख बाहुल्या खपल्या. आणि 1962 मध्ये व्हिटमन या प्रकाशन संस्थेनं बार्बी आणि तिचा जोडीदार केन यांच्या कातरायच्या कागदी बाहुल्या छापल्या. कागदावरून प्लॅस्टिकमध्ये गेलेली बाई तीन वर्षांत पुन्हा कागदावर आली. आज झेरॉक्सवाल्याकडे निघणारी प्रिंट ही त्याच वंशातली.

या परतीच्या प्रवासात एक गोष्ट मात्र पक्की झाली. बाहुलीचा बांधा, उभं राहण्याची ढब, नाक-डोळे हे सगळं दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं. मुलीच्या वाट्याला फक्त रंग. रेषा ज्याची, त्याचीच बाहुली. मॅटेलचाच एक जुना दाखला पाहावा. 1967 मध्ये कंपनीनं आपली पहिली कृष्णवर्णीय फॅशन बाहुली आणली. ती म्हणजे ‘फ्रॅन्सी’ या त्यांच्याच गोऱ्या बाहुलीचा साचा, त्यात गडद प्लॅस्टिक ओतलेलं. नाक तेच, ओठ तेच. पुढच्याच वर्षी ‘क्रिस्टी’ आली, ती बार्बीची मैत्रीण म्हणून. ‘बार्बी’ हेच नाव असलेली कृष्णवर्णीय बाहुली मुलींच्या हाती पडायला 1980 साल उजाडलं. तिची रचना किटी ब्लॅक पर्किन्स यांची. आपल्या बाजारातही नव्वदच्या दशकात साडी नेसलेली, टिकली लावलेली बार्बी मिळू लागली, तिचीही अंगलट परदेशीच. वरचा रंग नि कापड बदललं होतं, खालची रेषा जिथल्या तिथे होती.

रंगवायच्या पानावर हा मामला आणखी अवघड होतो, कारण तिथे कोरा कागदच कातडी होऊन बसतो. झगा रंगवला, केस रंगवले, बूट रंगवले, की मुलगी म्हणते, झालं. हातपाय आणि चेहरा पांढराच राहतो आणि चित्र अपुरं आहे असं कुणालाच वाटत नाही. सावळा रंग द्यायचा तर मुद्दाम खडू उचलावा लागतो, आणि पेटीत तो असावाही लागतो. क्रेयोलाच्या पेटीत एका फिकट गुलाबीसर खडूला कित्येक वर्षं ‘फ्लेश’ असं नाव होतं, म्हणजे अंगाचा रंग. 1962 मध्ये ते बदलून ‘पीच’ केलं गेलं. जगभरच्या त्वचेच्या 24 छटांची वेगळी पेटी क्रेयोलानं काढली ती 2020 साली. आपल्याकडच्या चित्रकलेच्या तासाला त्याच फिकट खडूला अजूनही ‘स्किन कलर’ म्हणतात, आणि तो मागणाऱ्या बहुतेक पोरांचा स्वतःचा हात त्या रंगाचा नसतो.

रेषाच बदलायला हवी, हे ज्यांना फार लवकर उमगलं त्यांत जॅकी ऑर्म्स यांचं नाव ठळक आहे. 1911 साली जन्मलेल्या या अमेरिकी व्यंगचित्रकर्तीची चित्रमालिका कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत छापून यायची. त्या काळात अमेरिकी छापील चित्रांत कृष्णवर्णीय बाई दिसे ती स्वयंपाकीण किंवा मोलकरीण म्हणून, आणि तीही विद्रूप करून. ऑर्म्सबाईंची नायिका टॉर्ची ब्राऊन देखणी, शिकलेली, स्वतःच्या हिमतीवर जगणारी. 1950 ते 1954 या काळात चाललेल्या रंगीत मालिकेसोबत त्या ‘टॉर्ची टॉग्ज’ नावानं कागदी बाहुली आणि तिचे पोशाख काढत. वर्तमानपत्र वाचून झालं, की कातरीनं कापून खेळायचं. त्याआधी 1947 मध्ये त्यांच्याच ‘पॅटी-जो’ या पात्राची खरी बाहुली टेरी ली कंपनीनं बाजारात आणली होती, क्रिस्टीच्या तब्बल एकवीस वर्षं आधी. खेळण्यांच्या इतिहासात या बाईंना मिळते त्याहून बरीच मोठी जागा मिळायला हवी.

बांध्याचं प्रकरण तर मोजूनच दाखवता येतं. फॅशनचं रेखाटन करणारे शरीराची उंची डोक्याच्या नऊपट धरतात. प्रत्यक्षात मोठं माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास भरतं. बार्बीची मापं माणसाच्या उंचीला नेली तर तशी बाई भेटण्याची शक्यता लाखात एकीहूनही कमी, असा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1996 मध्ये मांडला. केनसारखा पुरुष पन्नासात एक सापडेल म्हणे! 2006 मध्ये ब्रिटनमध्ये पाच ते आठ वर्षांच्या 162 मुलींवर एक प्रयोग झाला. त्यात बाहुली हातात दिलीच नव्हती, फक्त चित्रं दाखवली होती: काहींना बार्बीची, काहींना ‘एमी’ या भरल्या अंगाच्या बाहुलीची, काहींना बाहुली नसलेली. बार्बीची चित्रं पाहिलेल्या लहान मुलींना स्वतःचं शरीर कमी आवडू लागलं, बारीक व्हावंसं वाटू लागलं. वयानं मोठ्या मुलींमध्ये तो परिणाम दिसला नाही. एका प्रयोगावरून घरातले कागद फाडून टाकायची गरज नाही. पण नुसत्या चित्राचाही काही ठसा उमटतो, एवढं खरं. मॅटेलनं स्वतः 2016 साली उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशा तीन नव्या बांध्यांच्या बार्बी काढल्या.

चित्रकला-शिक्षकांचा राग त्याहून जुना, आणि तो बाहुलीवर नाही, तर आयत्या रेषेवरच आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचं ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ हे 1947 चं पुस्तक कलाशिक्षणात फार वाचलं गेलं. त्यात रंगवह्यांवर कडक टीका आहे. पुढच्या आवृत्त्यांत एक उदाहरण दिलं जाई: मूल आधी स्वतःचे पक्षी काढतं, मग वहीतला छापील पक्षी रंगवतं, आणि त्यानंतर त्याचे सगळे पक्षी त्या छापील पक्ष्याची नक्कल होतात. टीकेत तथ्य आहे. पण ती जरा एकांगीही वाटते. खडू धरण्याची पकड, रेषेच्या आत थांबण्याचा सराव, दोन रंग शेजारी ठेवून पाहण्याची मजा याही गोष्टी त्याच पानावर होतात. शिवाय पोरं लोवेनफेल्डना वाटलं तितकी आज्ञाधारक नसतात. बाहुलीला मिशा काढणारी मुलं प्रत्येक इयत्तेत असतात.

आता पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात. प्रिंट काढताना होणारा घोळ बहुधा कागदाच्या मापाचा असतो. इंटरनेटवरची बरीच पानं अमेरिकी ‘लेटर’ आकाराची, म्हणजे 216 बाय 279 मिलिमीटर. आपला ए-फोर 210 बाय 297. मूळ मापात छापलं तर दोन्ही बाजूंची कड जाते, आणि नेमका घागऱ्याचा घेर कापला जातो. ‘फिट टू पेज’ केलं की वाचतो. दुसरं, शोधात दिसणारं चिमुकलं चित्र तसंच साठवून मोठं केलं की रेषा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात; ए-फोरवर स्वच्छ रेषेसाठी 2480 बाय 3508 पिक्सेल हवेत. पाण्याचे रंग वापरायचे असतील तर लेझर प्रिंट घ्यावी. तिची काळी पूड उष्णतेनं कागदाला चिकटलेली असते, ओल्या ब्रशनं सुटत नाही. इंकजेटची साधी शाई मात्र बऱ्याचदा पसरते आणि बाहुलीच्या डोळ्यांतून काजळ ओघळतं.

सगळ्यात उजवी पानं ती, ज्यांत शरीर आहे पण कपडे नाहीत. मुलीनं स्वतः पोशाख काढायचा, मग रंगवायचा. याचीही परंपरा आहे. 1945 मध्ये बिल वॉगन यांनी ‘केटी कीन’ नावाची कॉमिकमधली फॅशनची राणी उभी केली. तिचे कपडे वाचक मुलंमुली काढून पाठवत, आणि छापताना प्रत्येक पोशाखापाशी तो सुचवणाऱ्याचं नाव असे. हीच रीत ट्रिना रॉबिन्स यांनी ऐंशीच्या दशकात ‘मिस्टी’ या कॉमिकमध्ये पुन्हा चालवली. नंतर मार्व्हलच्या बार्बी कॉमिकसाठीही त्यांनी लेखन केलं.

2024 च्या दिवाळीला मॅटेलनं मुंबईच्या अनिता डोंगरे यांनी सजवलेली बार्बी आणली; तिच्या लेहंग्यावर डेलिया, जाई आणि कमळाची फुलं होती. नऊवारीतली बाहुली हवी असेल तर ती बहुतेक घरीच काढावी लागेल, कारण ‘इंडियन डॉल’ म्हणून मिळणाऱ्या पानांवर सहसा लेहंगाच असतो आणि काष्टा कुठून कुठे खोचतात याचा चित्रकाराला पत्ता नसतो. कोरं शरीर छापून त्यावर आजीला रेषा मारायला बसवलं तर निऱ्या आणि ओचा जागच्या जागी येतात. पदरावर मोर, आसावली की मुनिया हे नातीनं ठरवावं. कातरायची बाहुली करायची असेल तर ते शरीर नेहमीच्या झेरॉक्स कागदावर न छापता जाड कार्डशीटवर छापावं आणि कपड्यांच्या खांद्या-कमरेला दुमडायच्या पट्ट्या जरा रुंदच ठेवाव्यात. अरुंद पट्टी दोन-चार वेळा दुमडली की तुटते.