खात्यात नव्हतेच, तरी कापले

कोल्हापूर जिल्ह्यातला पैसा तारखांवर चालतो. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, उसाचे बिल कारखान्याच्या सवडीने, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतला पगार महिन्याच्या सात तारखेच्या आसपास. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या पहिल्या सात दिवसांत द्यावा, असे कायदाच सांगतो. दुचाकीच्या कर्जाचा हप्ता मात्र बऱ्याचदा पाच तारखेला लागतो. पाच आणि सात यांच्यामध्ये जे दोन दिवस असतात, त्यांवर बँकांची बरीच कमाई चालते.

समजा, हप्ता चार हजारांचा आहे आणि पाच तारखेला खात्यात साडेतीन हजार आहेत. हप्ता परत जातो. बँक त्याचे पाचशे रुपये लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे नव्वद. कर्ज देणारी कंपनी तिचा बाऊन्स चार्ज वेगळा लावते. तो सोडून दिला, तरी दोन दिवसांच्या उशिरासाठी चार हजारांवर ५९० रुपये गेले. व्याजाच्या भाषेत हा दर वर्षाला २,६९० टक्क्यांच्या घरात जातो. कारखान्याने उसाचे पैसे चौदा दिवसांत दिले नाहीत, तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याला मिळणारे व्याज आहे वर्षाला १५ टक्के. तेही मागून, मोर्चे काढून.

खात्यात नसलेला पैसा खर्च झाला की बँक दंड लावते, हा प्रकार जगभर आहे. ब्रिटनमध्ये परवानगी नसताना खाते उणे गेले तर बँका जबर शुल्क लावत. त्यावर ग्राहकांनी हजारोंनी दावे केले. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने कौल दिला, आणि हा प्रश्न शेवटी नियामकाने एप्रिल २०२० मध्ये नियम बदलून सोडवला. विनापरवाना ओव्हरड्राफ्टला जास्त दर लावायचा नाही आणि ठोक दंडही घ्यायचा नाही, असे ठरले. पण एक फरक लक्षात ठेवावा. तिथली बँक निदान बऱ्याचदा आपल्या खिशातले पैसे देऊन दंड घेत होती. आपल्याकडच्या बचत खात्यावर बँक पैसे देत नाही, हप्ता परत पाठवते, आणि न दिल्याचे पैसे घेते.

आपल्याकडेही पूर्वी बँक पैसे देत असे. "साहेब, चेक पास करा, संध्याकाळच्या आत भरतो," एवढ्या निरोपावर शाहूपुरीतल्या गुळाच्या किंवा गुजरीतल्या सोन्याच्या व्यापाऱ्याचे काम भागायचे. शाखा लहान असे आणि माणूस ओळखीचा. त्यात वशिलेबाजी होती, हेही खरे. ज्याची ओळख नाही त्याचा चेक परतच जायचा. आता तो निर्णय संगणक घेतो आणि त्याला सगळेच अनोळखी.

बचत खात्यावरचा दुसरा दंड म्हणजे किमान शिलकीचा. पासबुकात ही नोंद 'एमएबी चार्जेस' अशा काहीतरी आखूड नावाने येते. एमएबी म्हणजे महिन्याची सरासरी शिल्लक. रोज दिवसअखेरीस खात्यात जे असते त्याची बेरीज करून दिवसांनी भागायचे. पाच हजारांची अट असेल, तर खात्यात रोज पाच हजार पाहिजेतच असे नाही. तीस दिवसांच्या महिन्यात तीस हजार रुपये फक्त पाच दिवस राहिले आणि उरलेले पंचवीस दिवस शून्य असले, तरी सरासरी बरोबर पाच हजार भरते. उसाचे बिल जमा झाल्याच्या दिवशीच सगळे काढून घेणाऱ्यांनी ही आकडेमोड एकदा करून बघावी. चार-पाच दिवस थांबले तर त्या महिन्याचा दंड टळू शकतो. काही बँका महिन्याऐवजी तिमाहीची सरासरी धरतात, ते आधी विचारून घ्यावे.

या दंडाची कथा मजेशीर आहे. एप्रिल २०१४ मध्ये, रघुराम राजन गव्हर्नर असताना, रिझर्व्ह बँकेने बँकांना सुचवले होते, की ग्राहकाच्या अडचणीचा किंवा दुर्लक्षाचा फायदा घेऊ नका. शिल्लक कमी झाली तर दंड करण्याऐवजी त्या खात्याच्या सवलती कमी करा, शिल्लक भरली की परत द्या. सूचना शहाणपणाची होती. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला परिपत्रक निघाले, तेव्हा दंड करायला मुभा मिळाली होती, पण अटी घालून. या अटी १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत आणि बँकेच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या पाठ असायला हव्यात.

शिल्लक कमी झाली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे. ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा. त्यानंतरच दंड. तो दंडही तुटीच्या प्रमाणात हवा. शंभर रुपये कमी पडणारा आणि चार हजार कमी पडणारा यांना एकाच मापाने मोजायचे नाही. आणि शेवटची अट सर्वात मोलाची: केवळ या दंडामुळे खाते उणे होता कामा नये.

या शेवटच्या अटीला एक फट आहे. ती किमान शिलकीच्या दंडापुरती बोलते. हप्ता परत गेल्याचे शुल्क किंवा कार्डाची वार्षिक फी यांचा तिच्यात उल्लेख नाही. शिवाय खाते उणे दाखवायचे नाही म्हटल्यावर काही ठिकाणी येणे बाजूला नोंदवून ठेवतात आणि खात्यात पैसा आला की आधी आपला वाटा उचलतात. ऑगस्ट २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे पहिले हप्ते जमा झाले, तेव्हा हेच उघड्यावर आले. कित्येक वर्षे पडून असलेल्या खात्यांत तीन हजार आले आणि जुन्या येण्यापोटी त्यातले काही वळते झाले, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना, बँकांनी ही रक्कम परस्पर वळती करू नये, असे सांगावे लागले. खरे तर त्याआधीच, २०१४ पासून, रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावायलाच मनाई होती. दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. मंत्र्यांच्या सूचनेपेक्षा हा नियम दाखवणे जास्त उपयोगाचे होते, पण तो शाखेत कोणी लावलेला नसतो.

रक्कम किरकोळ वाटते म्हणून माणसे सोडून देतात. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत फक्त सरकारी बँकांनी किमान शिलकीच्या दंडातून सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले, ही अर्थ मंत्रालयाने संसदेत दिलेली माहिती आहे. आणि यातली सर्वात मोठी बँक, स्टेट बँक, तिने हा दंड मार्च २०२० मध्येच बंद केला होता. पुढे कॅनरा बँकेने जून २०२५ पासून, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि आपल्या जिल्ह्याची अग्रणी असलेली बँक ऑफ इंडिया यांनी त्या जुलैपासून बचत खात्यांवरचा हा दंड काढला. खासगी बँकांत तो आहे. किमान शिल्लक किती ठेवायची हे बँकेनेच ठरवायचे, असे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा रिझर्व्ह बँकेकडून मदतीची वाट बघू नये.

ज्याच्या खात्यात पैसे टिकतच नाहीत, त्याने दंडाशी भांडत बसण्यापेक्षा खात्याचा प्रकार बदलावा. मूलभूत बचत ठेव खाते, बँकेच्या भाषेत बीएसबीडीए, २०१२ पासून प्रत्येक बँकेला द्यावेच लागते. त्याला किमान शिलकीची अट नाही, एटीएम कार्ड मिळते, महिन्यातून किमान चारदा पैसे विनाशुल्क काढता येतात. आहे ते खातेही त्यात बदलून मिळते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. काउंटरवरून याची माहिती आपणहून कोणी देईल, अशी आशा ठेवू नये. नाव घेऊन मागावे लागते.

हप्त्याच्या बाबतीत सर्वात गुणकारी उपाय कर्ज देणाऱ्या कंपनीकडे असतो: तारीख पाचवरून दहा-बारा करून मागणे. कंपनी नाही म्हणू शकते, पण नियमित फेडणाऱ्याचे बहुधा ऐकते. आणि हप्ता परत जाणे हा नुसता शुल्काचा मामला नाही. चेक न वटण्याला जसे फौजदारी कारवाईचे कलम १३८ आहे, तसे खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याचे कलम २५ आहे.

उद्यमनगरातल्या कारखानदाराची गोष्ट वेगळी. त्याचे कॅश क्रेडिट खाते मुळातच उणे चालते. प्रश्न मर्यादा ओलांडण्याचा. बऱ्याचदा ओलांडली जाते ती खर्चामुळे नव्हे, तर स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मालसाठ्याचे विवरण, वेळेत न गेल्यामुळे. ते गेले नाही की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालसाठ्यावरून ठरणारी उचलीची मर्यादा, घटते आणि कालपर्यंत मर्यादेत असलेले खाते आज बाहेर. मोठे पेमेंट करायचे असेल तर आधीच तात्पुरता ओव्हरड्राफ्ट लेखी मागावा, नंतर बोलण्यात अर्थ नसतो. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर दंडव्याज लावता येत नाही, दंडशुल्क लावता येते, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. स्टेटमेंट हातात घेऊन ही नोंद तपासावी.

दंड लागलाच, तर आधी शाखेत अर्ज. तारीख, नोंद, रक्कम लिहावी आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: मला आधी कधी कळवले, आणि सरासरीचा हिशेब कसा केला. अर्जाची पोच घ्यावी. पहिल्यांदाच झाले असेल तर पुष्कळदा शाखाधिकारी रक्कम परत फिरवतात. तेव्हा जीएसटीही परत आला का, ते बघावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शाखेत न जाता थेट तिकडे केलेली तक्रार परत येते.

केडीसीसीसारख्या जिल्हा बँकेचे खातेदार पूर्वी या लोकपालाच्या कक्षेबाहेर होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही तिच्यात आल्या. सहकारी बँकेचा खातेदार सभासदही असेल, तर त्याला जाब विचारायला आणखी एक जागा आहे: वार्षिक सभा. कोल्हापूरच्या वार्षिक सभांत लाभांशावरून आणि नोकरभरतीवरून माइक ओढले जातात. शुल्काचा तक्ता कोणत्या ठरावाने वाढला, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.