शनिवारी बंद राहणारं बंदर

विसाव्या शतकाच्या आरंभी थेस्सलोनिकीच्या धक्क्याला शनिवारी जहाज लागलं, तर माल उतरवायला हमाल मिळत नसत. बंदरातले हमाल बहुतेक ज्यू आणि शनिवार त्यांचा शब्बाथ. मग व्यवहार तुर्काचा असो वा ग्रीकाचा, तोही त्या दिवशी ठप्प!

शहर मात्र मूळचं ग्रीकच. मॅसेडोनियाच्या कॅसँडरने इ.स.पू. ३१५च्या सुमारास ते वसवलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं; ती सिकंदराची सावत्र बहीण. रोमनांचा व्हिया एग्नाशिया हा हमरस्ता इथूनच जाई. मराठी बायबलात थेस्सलनीकाकरांना लिहिलेली जी दोन पत्रं आहेत, ती इथल्याच मंडळीसाठी. १४३०मध्ये सुलतान दुसऱ्या मुरादने शहर जिंकलं. १४९२मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, तेव्हा त्यांतले हजारो जण ऑटोमन आश्रयाने इथे आले आणि लोकर विणू लागले. सुलतानाच्या जॅनिसरी सैनिकांच्या गणवेशाचं कापड त्यांच्या मागांवर तयार होई. घरात ते बोलत लादिनो, म्हणजे जुन्या वळणाची स्पॅनिश. तीही चारशेहून अधिक वर्षं.

१९१२मध्ये शहर ग्रीसकडे आलं. पुढच्याच वर्षीच्या शिरगणतीत सुमारे १ लाख ५८ हजारांच्या वस्तीत ज्यू ६१ हजारांवर, मुसलमान ४६ हजारांच्या आसपास आणि ग्रीक चाळीस हजारांच्या आत होते. हे गणित तीस वर्षांत पार पुसलं गेलं. १९१७च्या ऑगस्टमधल्या आगीत सत्तर हजारांवर लोक बेघर झाले. फ्रेंच वास्तुविशारद एर्नेस्ट एब्रार याच्या आराखड्याने जुन्या गल्ल्यांच्या जागी रुंद रस्ते आणि अॅरिस्टॉटल चौक आणला. १९२३च्या लोकसंख्या अदलाबदलीत मुसलमान तुर्कस्तानला गेले आणि तिकडचे ग्रीक निर्वासित इकडे आले. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्यांनी १९२६मध्ये काढलेला पीएओके हा फुटबॉल क्लब आज शहराचा जीव की प्राण आहे. त्याच्या बोधचिन्हावर बायझंटाईन दुतोंडी गरुड आहे, पंख मिटलेला.

उरलेलं काम नाझींनी केलं. ११ जुलै १९४२ रोजी सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना भर उन्हात चौकात उभं करून छळलं. त्या चौकाचं नाव स्वातंत्र्य चौक! डिसेंबरात तीन लाखांवर थडग्यांची ज्यू दफनभूमी उखडली गेली. हुकूम जर्मनांचा होता, पण ती जागा मोकळी व्हावी म्हणून नगरपालिका कितीतरी आधीपासून टपली होती, हे सांगायलाच हवं. तिथला संगमरवर फरसबंदीला, भिंतींना, अगदी चर्चच्या दुरुस्तीलाही वापरला गेला. १५ मार्च १९४३ला ऑशविट्झकडे पहिली गाडी सुटली. ऑगस्टपर्यंत पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसं नेली गेली. परतली फारच थोडी.

दफनभूमीच्या जागेवर आज अॅरिस्टॉटल विद्यापीठ आहे. हजारो विद्यार्थी रोज तिथे ये-जा करतात. स्मारक उभं राहायला मात्र २०१४ उजाडलं.

दगडांवरून भांडण्याची या शहराची सवय अजून गेलेली नाही. मेट्रोच्या खोदकामात व्हेनिझेलू स्थानकाखाली बायझंटाईन काळातला संगमरवरी हमरस्ता दुकानांच्या अवशेषांसकट निघाला. तो होता तिथेच ठेवायचा की उचलून पुन्हा बसवायचा, यावरून पुरातत्त्वज्ञ आणि सरकार वर्षानुवर्षं कोर्टात झगडले. अखेर तुकडे उचलले, स्थानक बांधलं, तुकडे परत बसवले आणि ३० नोव्हेंबर २०२४ला मेट्रो धावू लागली.