पिठाची धूळ

(धान्य दळताना आणि पीठ मळताना जी धूळ उडते, तिचा कामगारांच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो, हे या पाठात सांगितले आहे.)

दळण घेऊन तुम्ही पिठाच्या गिरणीत गेला असाल. गिरणीवाल्या चाचांचे केस, भुवया आणि मिशा पांढऱ्या झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. जी धूळ त्यांच्या भुवयांवर बसते, तीच श्वासाबरोबर त्यांच्या छातीतही जाते. भुवयांवरची धूळ संध्याकाळी धुऊन निघते. छातीत गेलेल्या धुळीचे काय होते?

नाक हा आपल्या शरीराचा पहारेकरी आहे. नाकातील केस आणि चिकट द्रव मोठे कण अडवतात. त्याहून लहान कण श्वासनलिकेत शिरतात, पण खोकल्याबरोबर व कफाबरोबर तेही वर येतात. सर्वांत बारीक कणांची गोष्ट मात्र वेगळी आहे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारणपणे 70 मायक्रॉन जाड असतो. 5 मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांच्या अगदी टोकाला असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात.

तुम्ही म्हणाल, पीठ तर आपण रोज खातो. मग ते नाकातून गेले तर काय बिघडले? पोटात गेलेले अन्न पचते. फुप्फुसात पचनाची सोय नसते. शिवाय ही धूळ म्हणजे नुसते पीठ नव्हे. तिच्यात माती, बुरशी आणि धान्यातील किड्यांचे तुकडेही असतात. काही बेकऱ्यांत पाव चांगला फुगावा म्हणून मैद्यात एन्झाइम मिसळतात. त्याचीही धूळ उडते. गिरणीच्या दगडाला टाकी लावताना उडणारी दगडाची भुकटी तर पिठाहूनही घातक असते.

काही माणसांचे शरीर गव्हातील प्रथिनांना शत्रू समजू लागते. हे एका दिवसात घडत नाही. त्याला काही महिने लागतात, कधी अनेक वर्षेही लागतात. प्रथम शिंका येतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात. पुढे खोकला सुरू होतो. छाती आवळल्यासारखी वाटते आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. हाच बेकरी कामगारांचा दमा होय. तो प्रत्येकालाच होतो असे नाही. पण धूळ जितकी जास्त, तितका धोका जास्त.

ही गोष्ट फार पूर्वी लक्षात आली होती. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पाववाले, गिरणीवाले आणि धान्य चाळणारे यांच्या आजारांचेही वर्णन आहे. वैद्याने रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा, असे त्यांनी सांगितले. तो प्रश्न होता, “तुम्ही काम काय करता?”

हा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे. सुट्टीत गावी गेल्यावर खोकला कमी होतो आणि कामावर परतताच तो पुन्हा वाढतो, असे होत असेल तर आजाराचे मूळ कामाच्या जागी असू शकते. काहींना त्रास रात्री घरी आल्यावर होतो. त्यामुळे त्याचा संबंध कामाशी आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. काहीजण तर काम जाईल या भीतीने खोकला लपवतात. पण आजार वेळीच ओळखून धुळीपासून दूर झाल्यास माणूस बरा होऊ शकतो. उशीर झाला, तर काम सोडल्यावरही दमा मागे राहतो.

1948 च्या कारखाना कायद्यात एक नियम होता: धूळ जेथे उडते, तेथूनच ती ओढून बाहेर काढावी. पण वीज वापरणाऱ्या जागी निदान दहा कामगार असले, तरच तो कायदा साधारणपणे लागू होत असे. कोपऱ्यावरच्या गिरणीत तर दोनच माणसे असतात! म्हणून काही साधे उपाय सर्वांना माहीत हवेत.

1. पीठ जेथून बाहेर पडते, तेथे कापडी नळी बांधावी. पीठ उंचावरून पडू देऊ नये.
2. रिकामी पोती आत झटकू नयेत.
3. कोरड्या झाडूने झाडू नये; ओल्या फडक्याने पुसावे.
4. पोळपाटावर किंवा टेबलावर मैदा उधळू नये. हलक्या हाताने पसरावा.
5. धूळ बाहेर टाकणारा पंखा बसवावा.
6. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरावा. साध्या रुमालातून बारीक कण आत जातात.
7. विडी-सिगारेट सोडावी.

तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात कोणी गिरणीत, बेकरीत किंवा धान्याच्या गोदामात काम करत असेल आणि त्यांचा खोकला थांबत नसेल, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. आपण काय काम करतो आणि किती वर्षे करतो, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगायला त्यांना सुचवा. फुंकण्याच्या यंत्राने फुप्फुसांची ताकद मोजता येते. आपली रोटी आणि पाव ज्यांच्या हातून येतो, त्यांचा श्वास सुखरूप राहिला पाहिजे.

शब्दार्थ
पहारेकरी – राखण करणारा
वायुकोश – फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्या
टाकी लावणे – छिन्नीने दगड खडबडीत करणे
घातक – नुकसान करणारा

स्वाध्याय
1. पिठाच्या धुळीत पिठाशिवाय आणखी काय असते?
2. आजाराचे मूळ कामाच्या जागी आहे, हे कशावरून ओळखावे?
3. काही कामगार आपला खोकला का लपवतात?
4. उपक्रम : खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या कवडशात फडके हळूच झटका. काय दिसते, ते पाच वाक्यांत लिहा.