आतड्यात सापडला, पण आतड्याचा नव्हे

आतड्यात कॅन्सर सापडला म्हणून तो आतड्याचाच असतो असं नाही. त्वचेचा मेलॅनोमा रक्तातून लहान आतड्यात उतरतो. अंडाशयाचा कॅन्सर पोटाच्या पोकळीत पसरून आतड्याला बाहेरून चिकटतो. सगळ्यात चकवा देतो तो मात्र स्तनाचा ‘लोब्युलर’ कॅन्सर. स्तनाच्या कॅन्सरमध्ये याचं प्रमाण साधारण १० ते १५ टक्के. ऑपरेशनला दहा-पंधरा वर्षं झाल्यावरही तो पोटात डोकं वर काढू शकतो, आणि तोवर जुनी फाइल माळ्यावर गेलेली असते. पोट फुगतं, जेवल्यावर कळ येते, हिमोग्लोबिन उतरतं. बाई पित्ताच्या गोळ्या घेत राहतात.

पेशीला पेशी धरून ठेवणारं ई-कॅढेरिन हे प्रथिन या कॅन्सरमध्ये बहुधा नसतं. त्यामुळे गोळा धरत नाही. पेशी एकामागे एक, रांगेने भिंतीत शिरतात. भिंत जाड होते, वाट अरुंद होते, पण आतलं अस्तर बऱ्यापैकी ठीक दिसतं. कोलोनोस्कोपीत वरवरचा तुकडा घेतला तर रिपोर्ट चक्क ‘नॉर्मल’ येऊ शकतो. तुकडे खोलवरचे आणि एकाहून जास्त हवेत. पेट स्कॅनवरही हा अनेकदा फिकाच उमटतो. आपल्याकडे जाडसर आतडं पाहून आधी क्षयाचा संशय येतो, आणि तो रास्तच आहे. पण बायोप्सीआधी क्षयाच्या गोळ्या सुरू करण्याची घाई नको.

पुढचं काम पॅथॉलॉजिस्टचं. सीके२० आणि सीडीएक्स२ या आतड्याच्या पेशींच्या खुणा. त्या न दिसता सीके७, गाटा३ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर दिसले, तर बोट स्तनाकडे जातं. मात्र या खुणा तपासायचं सुचायला फॉर्मवर ‘पूर्वी स्तनाचा कॅन्सर’ एवढं तरी कोणी लिहायला हवं!

उपचार ठरतो तो मूळ जागेवरून. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असेल तर लेट्रोझोलसारखी गोळी, बऱ्याचदा जोडीला पाल्बोसिक्लिबसारखं औषध. आतडं एकाच जागी अडलं असेल आणि प्रकृतीला झेपणार असेल तर ऑपरेशन, किंवा मोठ्या आतड्यात स्टेंट. ठिकठिकाणी अडलं असेल तर पोट उघडून सहसा काही साधत नाही. मग नाकातून नळी, सलाइन, स्राव कमी करणारं ऑक्ट्रिओटाइड, सूज उतरवणारं डेक्सामेथासोन. दुखण्यावर मॉर्फिन; पण ‘सवय लागेल’ म्हणून कधी नातेवाईकच ते अडवतात, हे फार वाईट. उलट्यांसाठी नेहमी दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड मात्र आतडं पूर्ण बंद असताना टाळतात, कारण त्याने कळा वाढतात. अशा वेळी हॅलोपेरिडॉल देतात.