अंग तापले की नजर अंधुक

१८९० साली विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जाविकाराच्या काही रोग्यांची नजर श्रमानंतर अंधुक होई व विश्रांतीने पूर्ववत होई. त्याने दोष श्रमाला दिला. खरे कारण अंगात वाढलेली उष्णता.

मज्जातंतूवर मायलिनचे वेष्टन असते, विजेच्या तारेवर असते तसेच. या विकारात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा ते जागोजागी कुरतडते आणि उघड्या भागातून विद्युत्भार गळतो. तुम्ही म्हणाल, उष्णतेने तर क्रिया जलद होतात, मग संदेशही जलद जायला हवा! मेख इथेच आहे. तंतूच्या पटलातील सोडियमची दारे उष्णतेने लवकर मिटतात, स्पंद आखूड होतो, आत येणारा भार घटतो. निरोगी तंतूत तो गरजेच्या कित्येक पट असल्याने काही बिघडत नाही. सोललेल्या तंतूत तो जेमतेमच पुरत असतो. तापमान अर्धा अंश सेल्सियस वाढले तरी संदेश वाटेतच अडू शकतो.

म्हणून सकाळी नीट चालणारा असा रोगी उन्हाळ्यात दुपारी अडखळला, तर ते सोंग नव्हे. एकेकाळी गरम पाण्यात बसवूनच या रोगाची परीक्षा करीत! अंग निवले की ही लक्षणे ओसरतात. तंतूंना नवी इजा झालेली नसते. दमट हवेत मात्र घाम सुकत नाही, म्हणून निवायला वेळ लागतो.