दादा, तुम्हीच बोलता सगळं

मागच्या एपिसोडनंतर एकीनं विचारलं, मंडळीतली नववी-दहावीची पोरं टिकत नाहीत, काय करायचं?

खरं सांगू? मीही तिथंच आपटलोय. आठवडाभर पुण्यात कोडिंग, रविवारी बारामतीत तरुणांचा वर्ग. वर्षभर स्लाइड लावून शिकवलं. इंदापूरहून एसटीनं येणारा एक पोरगा यायचाच थांबला. फोन केला तर म्हणाला, "दादा, तुम्हीच बोलता सगळं."

ऑफिसात नव्या पोराला आपण नुसतं लेक्चर देतो का? कोड लिहायला लावतो, मग शेजारी बसून तपासतो.

आपल्या जवळच बघा ना. दौंड तालुक्यातलं केडगाव, तिथलं मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बायकांनाही कळावं म्हणून. छपाईचं काम मिशनमधल्या मुली-बायकाच शिकल्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. बायबल १९२४ मध्ये निघालं. बाई गेल्या, तरी काम थांबलं नाही!

मग मी त्या पोराला एक उतारा दिला. म्हटलं, पुढच्या रविवारी तू सांग. तयारीला शनिवारी बसलो, पण हॉलमध्ये, दार उघडं, घरच्यांना सांगून. हे पाळाच, रात्रीच्या खासगी मेसेजवर शिष्य घडवायला जाऊ नका. त्याची वाक्यं मी खोडली नाहीत. चार मिनिटांत संपवलं त्यानं, तेही मान खाली घालून. चालतंय की!

गेल्या शनिवारी विचारतो, "दादा, 'प्रायश्चित्त' म्हणजे नेमकं काय?" मला धड सांगता आलं नाही. या आठवड्यात दोघं मिळून शोधतोय.